कागद वेळेवर द्या

कोंढवा, कॅम्प, भवानी पेठ अशा भागांत छोट्या कार्यालयात बसून आयकर विवरणपत्रे भरून देणाऱ्यांना 2025 चा सप्टेंबर चांगलाच लक्षात राहील. 31 जुलैची मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढली आणि लोक निवांत झाले. 5 तारखेला ईद-ए-मिलाद, 6 ला गणेश विसर्जन. सण आटोपले आणि सगळे एकदम फायली घेऊन दारात! शेवटच्या रात्री मुदत आणखी एका दिवसाने वाढली.

अशा गर्दीत चूक होते आणि घरही दुरावते. त्यावर उपाय शिस्तीचाच. नोकरदारांना फॉर्म 16 जूनच्या मध्यापर्यंत मिळतो, म्हणून त्यांची कामे आधी उरकावीत. दुकानदारांच्या दरमहा जीएसटीच्या 11 आणि 20 या तारखांना दुसरे काम ठेवू नये. कागद अपुरे असतील तर फाइल उघडूच नये. विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी झाली की नाही, याची वहीत नोंद ठेवावी. मगरिबनंतर फोन बाजूला ठेवून मुलांजवळ बसावे.

एक गोष्ट मात्र ग्राहकांनी लक्षात घ्यावी. बचत खात्यावरील व्याज आपण वापरत नाही, गरिबांना देऊन टाकतो. तरी ते विवरणपत्रात दाखवावेच लागते. बँकेकडून त्याची माहिती आयकर खात्याकडे गेलेली असते. ते लपवले तर नोटीस आपल्याला येते आणि धावपळ त्या बिचाऱ्याची होते.

तेव्हा यंदा कागद जूनमध्येच द्या. त्याचीही मुले घरी वाट पाहत असतात.