सदऱ्याची जन्मपत्रिका

सोन्याची पाटली घेतांना तिच्यावरील सहा अक्षरें-आंकड्यांची बारीक खूण पाहून घेण्याची संवय आतां पुष्कळ घरांतील गृहिणींना लागली आहे. १ एप्रिल २०२३ पासून या खुणेवांचून शिक्क्याचा दागिना सराफास विकतां येत नाहीं. खुणेवरून दागिन्याची शुद्धता आणि तपासणीचें ठिकाण फोनवर तत्काळ कळतें. ज्या सोयीची आपण सोन्यासाठीं अपेक्षा धरतों, तीच आतां युरोपांत अंगांतल्या सदऱ्यासाठीं होऊं घातली आहे. आणि तिचा संबंध आपल्याकडील कित्येक कुटुंबांच्या चरितार्थाशीं येतो.

युरोपीय संघाचा यासंबंधींचा कायदा १८ जुलै २०२४ रोजीं अंमलांत आला. त्यान्वयें ठराविक जिनसांस ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’, म्हणजे मालाचें पारपत्र, लागेल. वस्तूवर, वेष्टणावर किंवा सोबतच्या कागदावर क्यूआर कोडासारखी खूण असावयाची; ती फोनास दाखविली कीं, वस्तु कशाची केली, तींत घातक द्रव्यें कोणतीं, ती किती टिकेल, मोडल्यावर तिचें काय करावें, अशा प्रकारची माहिती मिळावी, असा हेतु आहे. कारखाना बुडाला तरी ही माहिती नाहींशी होऊं नये, म्हणून तिची एक प्रत त्रयस्थाकडे ठेवणेंही आवश्यक केलें आहे. मोटारींच्या बॅटऱ्यांसाठीं निराळ्या कायद्यांत १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातलेली आहे. एप्रिल २०२५ च्या कार्ययोजनेंत कपडे, गाद्या, फर्निचर, टायर, पोलाद व ॲल्युमिनियम यांस अग्रक्रम मिळाला. प्रत्येक जिनसेचे नियम वेगळे निघावयाचे असून, निघाल्यावर सामान्यतः निदान १८ महिन्यांची सवड असते.

ही सवड मोठी वाटते. पण ती कशी सरेल हें इचलकरंजीच्या उदाहरणावरून पाहूं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं तेथें पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढें सारें गांवच मागांवर उभें राहिलें. समजा, तेथें विणलेलें कापड रंगाईस गेलें, परगांवीं त्याचे सदरे झाले आणि ते जर्मनीच्या दुकानांत पोंचले. कायद्याची जबाबदारी माल बाजारांत आणणाऱ्यावर असली, तरी तो शिवणाऱ्यास विचारणार, शिवणारा रंगाईवाल्यास, आणि रंगाईवाला विणणाऱ्यास. यांतला खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर विणून देणारा, तर दुसऱ्याचेंच सूत विणतो. त्यांतील कापूस कोठला, हें त्यास कोणीं सांगितलेलेंच नसतें! उत्तर न मिळाल्यास आयातदार वाद घालीत बसणार नाहीं. तो दुसरा माग शोधील.

घरच्या धंद्यांत आणखी एक अडचण असते. कोणत्या सुताचा कोणता माल झाला, हें थोरल्या काकांस तोंडपाठ असतें. कीर्दींत मात्र केवळ रुपये-आणे मांडलेले. काकांच्या स्मरणशक्तीविषयीं शंका नाहीं, परंतु ती दुसऱ्याच्या फोनावर उमटत नाहीं.

यास्तव नियमांची वाट न पाहतां कांहीं गोष्टी आजच आरंभितां येतील. सुताचीं बाचकीं येतांच त्यांस क्रमांक द्यावा व गिरणीचें नांव, तारीख आणि सुताचा प्रकार टिपावा. मालकानें खर्चीवाल्यास सुताबरोबर या नोंदीची नक्कलही द्यावी. दोन गिरण्यांचें सूत एका ढिगांत मिसळूं देऊं नये. रंगाईवाल्याकडून वापरलेल्या रसायनांचीं नांवें लेखी घ्यावींत. तोच क्रमांक तागा बाहेर जाईपर्यंत त्यासोबत चालला पाहिजे. हें काम घरांतील एकाच्या नांवें नेमून द्यावें. ती व्यक्ति सून किंवा लेक असली तर काय बिघडलें? यंत्रें व संगणक मागाहून घेतां येतात. शिवाय, या लिखापढीचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें ठरावांतच लिहून घ्यावें; नाहींतर तो अखेर सर्वांत दुबळ्या माणसाच्या मजुरींतून कापला जाईल.

मूल जन्मलें त्या घटकेस घड्याळ पाहणारें कोणी घरांत असलें, तर पत्रिका केव्हांही मांडतां येते. वेळच टिपली नसेल, तर पुढें कितीही विद्वान् जोशी आणला तरी तो बिचारा काय करणार?