क्युसेक म्हणजे जिन्याच्या किती पायऱ्या?

महापालिका नागरिकांना काहीच सांगत नाही, असे म्हणता येत नाही. ती पुष्कळ सांगते. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या भाषेत सांगते, कोणत्या मापात सांगते आणि केव्हा सांगते? पुण्याच्या अनुभवाच्या निमित्ताने काही विचार.

पुण्याच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापली गेलेली बातमी कोणती, असे विचारले, तर 'गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद' हीच सांगावी लागेल. चार-सहा ओळींचा मजकूर, त्याखाली पेठांची आणि उपनगरांची लांबलचक यादी आणि शेवटी 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल' ही ठरलेली तळटीप. सकाळच्या चहाबरोबर यादीत आपल्या भागाचे नाव शोधले जाते आणि रात्रीपर्यंत घरातली पिंपे, बादल्या, कळश्या, एवढेच काय, कुकरसुद्धा भरून ठेवला जातो.

या बातमीवर कोणी अग्रलेख लिहीत नाही. पण शहराच्या कारभाऱ्यांनी रहिवाशांना बातमी कशी द्यावी, याचा यापेक्षा चांगला नमुना सापडणे कठीण. काय होणार, कुठे होणार, केव्हापासून केव्हापर्यंत होणार, हे सगळे त्यात आहे, आणि ते आदल्या दिवशी सांगितले आहे. 'म्हणजे आम्ही काय करायचे?' हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही.

आता याच्या शेजारी चौकातला फ्लेक्स ठेवून पाहा. रस्त्याचे भूमिपूजन, उद्यानाचे लोकार्पण, पुलाचे उद्घाटन. हात जोडलेल्या दहा-बारा छब्या, आभार, अभिनंदन, वाढदिवसाच्या शुभेच्छा. काम किती रुपयांचे, कधी पूर्ण होणार, खोदलेला रस्ता पूर्ववत कोण करणार, यातले त्यावर काही नसते. प्रगतीची बातमी म्हणून ती दिली जाते, पण घरी जाऊन त्या बातमीचे करायचे काय, हे कोणालाच सांगता येणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये महापालिकेचा सगळा बोलका कारभार सामावलेला आहे.

हिशेबाची मागणी जुनीच

'आमच्या पैशाचे काय केले ते सांगा' ही मागणी आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. मुंबईत १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे महापालिका आयुक्त झाले. माणूस धडाडीचा. १८६९ मध्ये उभी राहिलेली आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई आजही दिमाखात उभी आहे. पण कामांच्या वेगात खर्चाला धरबंध राहिला नाही. शेवटी १८७१ मध्ये मुंबईचे करदाते उठले, सभा गाजल्या, तरुण फिरोजशहा मेहता त्या वादात बोलले, आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यांतले निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे, असे ठरले. क्रॉफर्डसाहेबांनी काही बांधलेच नाही, अशी कोणाचीही तक्रार नव्हती. काम चांगले असले तरी त्याचा हिशेब द्यावाच लागतो, हा धडा मुंबईकरांनी दीडशे वर्षांपूर्वी घालून दिला.

त्या मागणीला कायद्याचे खरे बळ मिळाले ते २००५ मध्ये. त्या वर्षी १२ ऑक्टोबरपासून माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत ही त्याची ओळख घरोघरी पोहोचली. पण त्यातले चौथे कलम त्याहून मोलाचे आहे. सरकारी कार्यालयांनी आपला कारभार, अंदाजपत्रक, दिलेले परवाने आणि सवलती, निर्णयांची कारणे, हे सगळे कोणी न मागता आपणहून प्रसिद्ध करावे, असे ते सांगते. ही माहिती सूचनाफलकावरून, वर्तमानपत्रांतून, दवंडीसारख्या जाहीर घोषणेतून द्यावी, आणि देताना स्थानिक भाषेचा व त्या भागात लोकांपर्यंत नेमके काय पोहोचते याचा विचार करावा, हेसुद्धा कायद्यातच लिहिले आहे. थोडक्यात, ऐकणाऱ्याला समजेल असे सांगणे हा आता निव्वळ सौजन्याचा भाग उरलेला नाही. ते कायद्याने घालून दिलेले कर्तव्य आहे.

पुणे महापालिकेने या बाबतीत एक चांगली वाट पाडली होती. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांनी यावे आणि अर्जफाटे न करता कागदपत्रे पाहावीत. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी तसाच आदेश काढला. सोमवारी दुपारी तीनला नोकरदार माणूस कसा जाणार, हा प्रश्न खराच. पण सोसायटीत निवृत्त मंडळी कमी नसतात. बँकेत किंवा हिशेब तपासनीसाच्या कचेरीत तीस वर्षे काढलेला एखादा काका रस्त्याच्या कामाची फाइल तासाभरात वाचून काढतो, असा अनुभव आहे.

नदी दारात येते तेव्हा

माहिती वेळेवर न मिळाल्याने काय होते, हे पुण्याला कोणी शिकवायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण शक्य तितके धरून ठेवले, म्हणून लोंढा रात्री झोपेत न येता दिवसाउजेडी आला, नाही तर किती माणसे गेली असती याची गणती नव्हती. ते दिवस पाहिलेले पुणेकर एक गोष्ट हमखास सांगतात. अफवा खूप होत्या, पण विश्वास ठेवावा अशी खबर वेळेवर कोणाकडून आली नाही.

त्याला साठ वर्षे उलटून गेली. दरम्यान घरोघरी दूरध्वनी आला, मग हातोहाती मोबाइल आला. तरी २५ जुलै २०२४ च्या पहाटे काय झाले ते आठवा. खडकवासल्यातून सोडलेले पाणी ३५ हजार क्युसेकवर गेले आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोकांना जाग आली तेव्हा तळमजल्यावर पाणी शिरले होते. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. पूर्वसूचना दिली होती, असे पाटबंधारे खात्याचे म्हणणे. आम्हाला काही कळलेच नाही, असे रहिवाशांचे म्हणणे.

कोण खरे, कोण खोटे, या वादात पडण्याऐवजी सूचनेची भाषा पाहू. अशा वेळी येणारा संदेश साधारण असा असतो: विसर्ग वाढवून इतके हजार क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी दक्षता घ्यावी. अभियंत्याच्या दृष्टीने यात काही कमी नाही. पण तळमजल्यावर राहणाऱ्या आजींनी यातून काय समजायचे?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका सेकंदात रिते होताहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. एवढे सांगितले तरी आकडा बोलू लागतो. पण खरी गरज त्याच्याही पुढची आहे. किती क्युसेकला आमच्या गल्लीत पाणी येते, किती क्युसेकला वाहनतळ बुडतो आणि किती क्युसेकला जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागते? हे गणित एकदा मांडून इमारतीच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवले, तर रात्री एक वाजता आलेल्या संदेशाचा अर्थ शाळकरी मुलालाही लागेल. पाणी किती सोडायचे हे पाटबंधारे खाते ठरवते. त्या आकड्याचे गल्लीच्या भाषेत रूपांतर करणे हे काम मात्र महापालिकेचेच आहे. आपल्या प्रत्येक घराला क्रमांक देऊन त्यावर कर आकारणारी दुसरी कोणती संस्था आहे?

ऐकून घेणारा हवा

त्या जुलैत आणखी एक उणीव होती. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि निवडणूक लांबत गेली होती. ती अखेर जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत कारभार प्रशासकांच्या हाती होता. नगरसेवकांवर टीका करण्याची आपली परंपरा मोठी आहे, आणि ती बऱ्याचदा रास्तही असते. पण नगरसेवक हा बातमीचा दुहेरी रस्ता असतो. सभागृहात प्रश्न विचारून तो प्रशासनाला बोलते करतो, आणि गल्लीतली तक्रार तिथवर नेतो. सभागृहच नसले की प्रश्नोत्तरे बंद होतात आणि पालिकेची बातमी एकाच दिशेने वाहू लागते.

म्हणूनच नागरिकाला थेट विचारण्याच्या सोयी महत्त्वाच्या. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग ही पद्धत सुरू झाली. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा आणि आपल्या भागातले पाच लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवायचे. पदपथ, दिव्याचा खांब, बसथांब्यावरचे छप्पर, ज्येष्ठांसाठी बाक, अशी ही कामे. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक होते १२ हजार ६१८ कोटींचे. त्या डोंगरापुढे पाच लाख म्हणजे मोहरीचा दाणा. पण १२ हजार कोटी घरात कोणालाच दिसत नाहीत; अंधाऱ्या वळणावरचा दिवा रोज रात्री दिसतो. या चांगल्या पद्धतीत एकच जुनी खोट आहे. सूचना दिली, तिचे पुढे काय झाले, हे देणाऱ्याला बहुतेक वेळा कळत नाही. नाकारली असेल तर का नाकारली, एवढे दोन ओळींचे पत्र आले, तरी पुढच्या वर्षी तो माणूस पुन्हा अर्ज भरेल.

लोकांना उत्साहच नसतो, असे अधिकारी खासगीत म्हणतात. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा अनुभव त्याच्या उलट आहे. २०१३ मध्ये तो हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना आल्या. शाळेच्या मैदानावर काय आरक्षण आहे, टेकडीचे काय होणार, आपल्या घरावरून रस्ता जातो की काय, हे नकाशात दिसले आणि लोक रांगा लावून आले. प्रश्न आपल्या दारापर्यंत आला, की पुणेकराला उत्साह शिकवावा लागत नाही!

तब्येतीची गोष्ट

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. यातला बराचसा भाग अलीकडेच महापालिकेत आलेला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहराला जोडली गेली होती. त्या दिवसांत घरोघरी सर्वेक्षण झाले, पाणी उकळून प्या, असे सांगितले गेले, विहिरींचे, टँकरचे, खासगी शुद्धीकरण केंद्रांचे नमुने तपासले गेले. सारे आवश्यकच होते. पण पाण्याची तपासणी संकट नसतानाही व्हायची असते, आणि तिचा निकाल साथीतच कळावा असे काही नाही. आपल्या विहिरीच्या, आपल्या टाकीच्या पाण्यात क्लोरीन किती, ते पिण्यास योग्य की अयोग्य, एवढ्या चार ओळी दर महिन्याला रेशन दुकानाबाहेर, दवाखान्यात आणि सोसायटीच्या फलकावर लागल्या, तर त्यासाठी वेगळी योजना नको आणि निधीही नको.

महापालिकेने शहराच्या पर्यावरणाची स्थिती सांगणारा अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवावा, असे कायदा सांगतो. तो तयार होतो आणि जाडजूडही असतो. त्याचे दोन पानांचे सोपे मराठी सार, प्रभागवार आकड्यांसह, मिळकतकराच्या बिलाबरोबर घरी आले तर? बिल तर घरोघरी पोहोचतेच.

आपल्याकडून एवढे तरी

सगळा दोष पालिकेवर टाकून मोकळे होणेही बरे नव्हे. सोसायटीच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या रेघांवरून दोन तास भांडणारे आपण, क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची बैठक भरते तेव्हा किती जण जातो? काम चालू असलेल्या रस्त्यावर ठेकेदाराचे नाव, खर्च आणि मुदत लिहिलेला फलक असतो. आपण तो वाचतो का? नसेल तर तो का नाही, असे विचारतो का?

मुलांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून महापालिकेची रचना पाठ करायला लावण्यापेक्षा, सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन असा एखादा फलक शोधावा, त्यावरची तारीख वहीत लिहून घ्यावी आणि त्या तारखेला पुन्हा जाऊन पाहावे. काम झाले असेल तर पालिकेला शाबासकीचे पत्र मुलांच्याच हातून पाठवावे. झाले नसेल तर दोन ओळींचा प्रश्न पाठवावा. तो प्रश्न वाचणाऱ्या कारकुनाला आपल्या कामाकडे एका घराचे लक्ष आहे, हे कळेल. अशी शंभर घरे एका प्रभागात झाली, तर चौकातल्या फ्लेक्सवर छब्यांच्या शेजारी आकडे आणि तारखाही येऊ लागतील.