माझं कोण ऐकणार?

बचत गटाच्या बायकांचे अनुभव रेकॉर्ड करायचे ठरले, तर एक मावशी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "ताई, माझं कोण ऐकणार?"

मैत्रिणींनो, रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितलंय. पुढे शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. २००५मध्ये पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' सुरू झाली नि विद्यार्थ्यांच्या हाती माइक आला. २००६मध्ये सामाजिक संस्थांनाही दार उघडलं. २००८मध्ये सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. दुष्काळी गावातल्या बायकांचं बोलणं घराघरांत पोचलं.

मावशींना हे सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग पदर खाली घेत म्हणाल्या, "बरं, पहिल्या कर्जापासून सांगू का?"