रॅमच्या चुका: ऊन, फॉरमॅट आणि खरं कारण

वैशाखात समुद्रपूरला पारा ४५च्या आसपास गेला, की संगणकाच्या निळ्या स्क्रीनचा दोष सरळ उन्हाच्या माथी मारला जातो. रॅम तापणं वाईटच. चिप ८५ अंशांपुढे गेली, तर तिच्यातला विद्युतभार ६४ऐवजी ३२ मिलिसेकंदांनी नव्याने भरावा लागतो. पण गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९च्या मोठ्या अभ्यासात तापमानाचा परिणाम फारच कमी आढळला. वापराचा ताण आणि रॅमचं वय जास्त भोवतं.

रॅम बिघडली तर संगणक चालूच होणार नाही, हेही अर्धसत्य. एक बिट साठवणारी एखादीच पेशी बिघडली, तर संगणक चालत राहतो आणि गुपचूप ०चा १ करतो. बेल्जियममधल्या स्कारबेकला २००३च्या संगणकीय मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मतं जादा मिळाली. ही संख्या म्हणजे २चा बारावा घात. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, म्हणून एक बिट उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. सोयाबीनच्या वजनाच्या नोंदीत असं झालं, तर कोणाच्या लक्षात येणार?

सगळ्यात घातक समज हा, की ऑपरेटिंग सिस्टिम अशा चुका पकडतेच. साध्या रॅममधली चूक तिला कळायला मार्गच नसतो. चुका सुधारणाऱ्या ‘ईसीसी’ रॅममध्ये सहसा दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. त्यांच्या आधारे मेमरी कंट्रोलर एका बिटाची चूक दुरुस्त करतो, दोन बिटांची नुसती ओळखतो. पुढचं काम सिस्टिमचं. लिनक्सवर चुकांची नोंद राहते आणि एकाच ठिकाणी त्या साचू लागल्या, तर तिथलं पान, म्हणजे स्मृतीचा ४ केबीचा तुकडा, रिकामं करून वापरातून काढता येतं. चूक दुरुस्त होण्यापलीकडची असेल आणि पानात डिस्कवरच्या फाइलची न बदललेली प्रत असेल, तर ते टाकून मजकूर डिस्कवरून पुन्हा वाचला जातो. बदललेली माहिती असेल, तर तेवढा प्रोग्राम थांबवला जातो. कर्नलच्याच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्याच स्मृतीत चूक असेल, तर सगळं थांबतं. चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट. पण नव्या विंडोजच्या फाइलीही त्याच खराब रॅममधून डिस्कवर उतरतात! खोडरबराने रॅमचे सोनेरी पाय पुसल्याने संपर्काचा दोष जातो, पेशीचा नाही. आधी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम रात्रभर चालवा. नवी रॅम लगेच परवडत नसेल, तर सुरू होतानाच खराब पत्ते वगळायला लिनक्सला सांगता येतं. मात्र लोकांचे कागद ज्या संगणकावर आहेत, तिथली रॅमची पट्टी बदलाच.