मदरबोर्ड निवडा, मे महिना डोळ्यांसमोर ठेवून

डिसेंबरात सुरळीत चालणारा संगणक मे महिन्यात भर दुपारी अचानक बंद पडू लागतो. गेम रंगात आलेला असतो किंवा लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग अर्ध्यावर असते आणि स्क्रीन काळी होते. आधी संशय व्हायरसवर जातो, मग विंडोजवर. पण प्रोसेसरचा वेग आपणच वाढवून घेतला असेल, तर खरे कारण बऱ्याचदा खोलीतल्या उकाड्यात असते.

भोकरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालची किंवा गच्चीलगतची खोली तर रात्रीपर्यंत तापलेली असते. सोयाबीनच्या पट्टीतून बाजूला काढलेले पन्नास-साठ हजार रुपये मुलाच्या संगणकावर घालायचे असतील आणि त्यावर ओव्हरक्लॉकिंग करायचे असेल, तर मदरबोर्डची निवड या उन्हाळ्याला धरूनच करावी लागते.

प्रोसेसर ठोक्यांवर चालतो. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा हे ठोके जलद करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. जलद ठोक्यांत चूक होऊ नये म्हणून प्रोसेसरला व्होल्टेजही वाढवून द्यावे लागते, आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. कामाचा वेग मात्र फार तर १० टक्क्यांनी वाढतो.

ही जास्तीची वीज प्रोसेसरपर्यंत पोहोचवण्याचे काम मदरबोर्डचे. एसएमपीएसमधून बोर्डाला १२ व्होल्टची वीज येते, प्रोसेसरला हवे असतात साधारण सव्वा व्होल्ट. हे रूपांतर प्रोसेसरच्या शेजारी बसवलेला भाग करतो. त्याला व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल म्हणतात. २०० वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरला सव्वा व्होल्टने वीज द्यायची तर १६० अँपिअर प्रवाह लागतो. आपले सगळे घर याच्या पाव हिश्शात चालते. रूपांतर ९० टक्के कार्यक्षमतेने झाले, तरी २० वॅटहून अधिक उष्णता बोर्डाच्या त्या चिंचोळ्या पट्टीत साठते. दुरुस्तीच्या दुकानातले साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, यावरून अंदाज यावा.

म्हणून बोर्ड पाहताना रंगीत दिव्यांआधी व्हीआरएम पाहावा. त्यात 'फेज' असतात, ते आळीपाळीने भार उचलतात. मोंढ्यात एक ट्रक भरायला सहा हमाल असले तर प्रत्येकाच्या पाठीवर जास्त पोती येतात, बारा असले तर कमी. पण नुसत्या संख्येवर जाऊ नये. प्रत्येक फेज किती अँपिअर पेलतो आणि त्यावर जाड, पन्हाळीदार ॲल्युमिनियमचा हीटसिंक आहे की फक्त शोभेचे झाकण, हेही विचारावे. व्हीआरएम उघडाच ठेवलेला बोर्ड ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊच नये.

आता मे महिन्याचा हिशेब. कूलर कितीही भारी असला, तरी हवेच्या किंवा पाण्याच्या साध्या कूलरने प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा थंड होत नाही. भार तोच राहिला, तर खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश आतले भागही वर चढतात. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर असलेला प्रोसेसर मेच्या ४० अंशांत ९५ च्या घरात जातो. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोहोचले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे पैसे खर्चून वाढवलेला वेग नेमका सुटीत, मुलांना हवा असतो तेव्हाच गळून पडतो.

बोर्डांच्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. चाचणीत व्हीआरएम ८५ अंश दाखवत असेल, तर आपल्याकडे त्यात १५ ते २० अंश मिळवून वाचावे. व्हीआरएमचे ट्रान्झिस्टर शंभरीपुढेही तग धरतात, पण शेजारच्या कपॅसिटरचे आयुष्य घटते. द्रव इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. २० अंशांनी वाढले, तर पावपट उरते. २००० नंतरच्या काही वर्षांत डोके फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्ड दुरुस्तीच्या दुकानांत ढिगाने येत. आता चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. ते जास्त टिकतात, पण उष्णता त्यांनाही मानवत नाही.

खरेदीत आणखी एक चूक होते. इंटेलचा 'के' अक्षराचा प्रोसेसर घेतला आणि बोर्ड मात्र बी किंवा एच मालिकेतला निवडला, तर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग मिळत नाही. त्यासाठी झेड मालिकाच हवी, जसे झेड७९०. एएमडीच्या बाजूला एक्स मालिकेत आणि बी मालिकेतल्या बहुतेक बोर्डांत ही सोय असते, म्हणून बी६५० सारखा मधल्या किमतीचा बोर्डही चालतो. ए६२० सारख्या ए मालिकेत ती नसते. सॉकेट आणि रॅमची पिढीही जुळवून घ्यावी. एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम बसते.

आपल्याकडे विजेचाही विचार हवा. वळवाच्या पावसात वारा सुटला की लाइट जाते. बोर्डाचे बायोस अद्ययावत करताना ती गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड घ्यावा. प्रोसेसर चालू न करताही पेनड्राइव्हवरून त्यात बायोस पुन्हा भरता येते. यूपीएस आणि खरे अर्थिंग मात्र हवेच. कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, दमट धूळ हीटसिंकच्या फटींत चिकटून बसते.

बायोस अद्ययावत का ठेवायचे, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवले. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यानंतर नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने मान्य केले, सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एका व्होल्टच्या लहानशा हिश्शाने काय होते, ते यातून कळते. आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे प्रोसेसर बिघडला, तर तो वॉरंटीत बसत नाही, हेही घेण्याआधी जाणून असावे.

मग भोकरमध्ये ओव्हरक्लॉकिंग करावे का? नवे प्रोसेसर परिस्थिती पाहून स्वतःच वेग वाढवतात. हाताने आणखी मिळवण्यासारखे त्यांत थोडेच उरलेले असते. ज्याला शिकायची हौस आहे, त्याने उत्तम व्हीआरएमचा बोर्ड, मोठा कूलर आणि हवा खेळणारे कॅबिनेट घेऊन जरूर करावे. ज्याचे पोट संगणकावर आहे, त्याने तोच चांगला बोर्ड घेऊन व्होल्टेज वाढवण्याऐवजी थोडे थोडे कमी करून पाहावे. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. जमले तर वेग जवळपास तेवढाच राहतो आणि उष्णता घटते, कारण वर्गाचा तोच नियम इथे आपल्या बाजूने काम करतो.

दोन्हींपैकी काहीही केले, तरी अंतिम चाचणी थंडीत उरकू नये. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, दारे-खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून, अर्धा-पाऊण तास पूर्ण भार द्यावा आणि तापमान पाहावे. त्या दुपारी जो वेग टिकेल, तोच आपल्या संगणकाचा खरा वेग.