दर्या आणि दऱ्या: एका संगणक-कारागिराची हत्यारे

इंदुरातील एका जुन्या मराठी ग्रंथालयाच्या पुस्तकांची जी यादी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोणा कष्टाळू सेवकाने संगणकावर एकेक अक्षर करून उतरवून ठेवली होती, ती गेल्या पावसाळ्यात माझ्या हाती आली तेव्हा तिच्यात मराठीचा एक शब्दही वाचता येत नव्हता. रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि चलनाच्या खुणा यांची अर्थहीन रांग पडद्यावर पानामागून पान सरकत होती. यादी नष्ट झाली नव्हती, तिच्यात कोणी ढवळाढवळही केली नव्हती. ज्या फाँटाच्या आधारावर ती लिहिली गेली तो फाँट जुन्या यंत्राबरोबर गेला आणि त्याच्यामागोमाग तिच्यातले मराठीपणही गेले. त्या काळी रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचे चित्र बसवायचे आणि काम भागवायचे, अशी तडजोड सर्वत्र चाले. मध्य प्रदेशातील हिंदी कचेऱ्यांत ज्याचा अंमल दीर्घकाळ राहिला तो कृतिदेव फाँट याच जातीचा. ग्रंथालयाची निकड साधी होती: यादी पुन्हा वाचता यावी, आणि पुढच्या पिढीवर हा प्रसंग पुन्हा येऊ नये.

सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय. सुपर कॉरिडॉरवरील टीसीएस आणि इन्फोसिस यांच्या विस्तीर्ण आवारांत, क्रिस्टल आयटी पार्कच्या मजल्यांवर, किंवा विजयनगरच्या एखाद्या गल्लीतील दोन खोल्यांच्या कचेरीत जी माणसे दिवसभर पडद्यासमोर बसलेली असतात, त्यांच्यापैकी मी एक. आप्तस्वकीयांत गेलो की कोणता लॅपटॉप घ्यावा, कोणता फोन चांगला, असे प्रश्न मला हटकून विचारले जातात, आणि माझ्या उत्तराने विचारणाऱ्याचा बहुधा विरस होतो; कारण ज्या हत्यारांवाचून माझे पान हलत नाही ती जवळजवळ सगळी विनामूल्य आहेत, दिसायला ओबडधोबड आहेत, आणि त्यांतली कित्येक माझ्या जन्माच्या आधीची आहेत. हत्यार पारखण्याची माझी कसोटी एकच आहे: त्याने केलेले काम उद्या माझ्या अनुपस्थितीत दुसऱ्या कोणाला वाचता येईल काय, आणि वाचून दुरुस्त करता येईल काय? ग्रंथालयाच्या यादीने ही कसोटी मला नव्याने शिकवली, म्हणून त्या कामाच्याच आधाराने माझ्या पेटीतली काही हत्यारे वाचकांपुढे ठेवतो.

पहिले हत्यार म्हणजे खुद्द अक्षराचा क्रमांक. भारतीय लिप्यांना संगणकात हक्काची जागा देण्याचा उद्योग आपल्याकडे ऐंशीच्या दशकात सुरू झाला; १९९१ साली इस्की ही संहिता भारतीय मानक म्हणून मान्य झाली, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांची साधने घडवली, आणि युनिकोड नावाच्या जागतिक क्रमवारीत देवनागरीला जी सलग जागा मिळाली तिची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. ज्या मोडी लिपीत होळकरांच्या दप्तराचे कागद लिहिले गेले, तिलाही २०१४ साली या क्रमवारीत स्थान मिळाले. हे क्रमांक साठवण्याची जी रीत आज सर्वत्र चालते तिचे नाव यूटीएफ-आठ. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका भोजनगृहात बसून, ताटाखाली अंथरलेल्या कागदावर तिचा आराखडा काढला. या रीतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे ‘मराठी’ या शब्दातली म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी ही पाच चिन्हे पंधरा बाइटांत मावतात. जागा तिप्पट लागते खरी, परंतु फाँट बदलला तरी म हा म-च राहतो, आणि एवढ्या एका आश्वासनासाठी मी त्याहूनही अधिक जागा आनंदाने दिली असती.

जुनी अक्षरे नव्या क्रमांकांत आणणे हे मात्र केवळ अदलाबदलीचे काम नव्हते. जुन्या फाँटांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने लिहिली जात. ‘किल्ला’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर, ‘सूर्य’ लिहिताना य आधी आणि त्याच्या माथ्यावरचा रफार नंतर. युनिकोडात क्रम उच्चाराचा असतो: आधी क, मग वेलांटी, आधी र, मग य. तेव्हा प्रत्येक शब्द उलगडून, चिन्हे जागच्या जागी हलवून, पुन्हा बांधावा लागला, आणि इथे कामास आली ती युनिक्स या संगणक-प्रणालीची पन्नास वर्षे जुनी हत्यारे. ग्रेप हवा तो मजकूर हजारो ओळींतून वेचून काढते, सेड एका मजकुराच्या जागी दुसरा बसवते, सॉर्ट ओळी क्रमाने लावते, युनिक शेजारच्या द्विरुक्ती काढून टाकते. यांतले एकेक हत्यार अल्पशिक्षित म्हणावे इतके एकमार्गी आहे. त्यांचे सामर्थ्य आहे ते एकमेकांना जोडण्यात. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय याने १९६४ मध्येच लिहून ठेवले होते की, बागेतल्या नळीला जशी दुसरी नळी जोडता येते तसा एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जोडता आला पाहिजे. ते १९७३ साली थॉम्प्सनने प्रत्यक्षात आणले आणि या जोडाला ‘पाइप’ हेच नाव पडले. इंदूरकराला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. जलूद येथे उपसलेले नर्मदेचे पाणी शुद्ध होऊन, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढून, शहराच्या टाक्यांत आणि तिथून आपल्या घरच्या नळाला येते. प्रत्येक टप्पा आपापले एक काम करतो आणि पाणी पुढे सोडतो. माझ्या यादीचा मजकूरही तसाच एका टोकाने गढूळ शिरला आणि सात-आठ टप्पे ओलांडून दुसऱ्या टोकाने निवळून आला.

निवळला, परंतु सर्वस्वी नाही. मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ हे दोन निराळे जोड आहेत, आणि त्यांच्यातला भेद अर्थाचा भेद आहे: आचार्यास दिलेली दक्षिणा गुरूच्या हातात पडते आणि आचाऱ्यास दिलेली स्वयंपाक्याच्या, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदीला या दुसऱ्या खुणेची गरज नसल्याने हिंदी वातावरणात वाढलेल्या यंत्रांवर आणि टंकलेखकांच्या हातांत ती सहसा वसत नसे. आमच्या यादीच्या लेखकाने बऱ्याच ठिकाणी सरळ रफार देऊन वेळ निभावून नेली होती; त्याला मी दोष देत नाही, त्याच्यापाशी जे होते त्यात त्याने निष्ठेने काम केले. युनिकोडात ऱ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह लिहिला की ती अर्धचंद्रासारखी रेघ आपोआप उमटते. पण कुठे र आणि कुठे ऱ, हे सांगणार कोण? ग्रेपकडून मी असे सव्वाशेच्या आसपास संशयित शब्द काढून घेतले. त्यांतले ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सूर्य’, ‘कार्य’ यांसारखे शब्द निर्विवाद होते. उरलेल्यांवर मी हल्लीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यही घेऊन पाहिले. त्याची गती विस्मयकारक आहे, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील कित्येक कंटाळवाणे तुकडे त्याने मला क्षणात लिहून दिले, परंतु जिथे शब्दाचा निकाल प्रत्यक्ष पुस्तकावर अवलंबून होता तिथे ते तितक्याच आत्मविश्वासाने दोन्ही बाजूंनी कौल देऊ लागले, आणि मी ते बाजूला ठेवले.

एडिटर म्हणजे आमची लेखणी, आणि लेखणीविषयी प्रत्येक कारागिराचे मत हट्टाचे असते. माझा हट्ट विमचा. ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थाने १९९१ साली तो प्रथम प्रसिद्ध केला, २०२३ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत तो सांभाळला, आणि मोबदला देऊ इच्छिणाऱ्यांना एवढेच विनवले की युगांडातील निराधार मुलांसाठी काही द्यावे. शिकायला तो कठीण आहे, हे मान्य. पण बोटांना एकदा वळण लागले की माऊसकडे हात नेण्याची गरज उरत नाही. की-बोर्ड मात्र मी चांगल्यातला, प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेला घेतला आहे, कारण दिवसाचे आठ-दहा तास ज्यावर बोटे पडतात त्यात काटकसर करणे म्हणजे मनगटांवर अन्याय करणे होय. त्यावर मराठी लिहितो ती इनस्क्रिप्ट पद्धतीने. ही मांडणी सरकारने ठरवलेली, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने देणारी, आणि सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. मराठी ज्याला आली त्याची बोटे गुजराती वा कन्नडातही चुकत नाहीत. तिच्यात जे या कळीवर र आहे, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ऱ. हा शोध मला नोकरीत अनेक वर्षे काढल्यावर लागला, आणि त्या दिवशी झालेला आनंद कोणत्याही नव्या फोनने मला दिलेला नाही.

मेजावर आणखी एक वस्तू असते. जेल रोडच्या बाजारातून केबली आणि सोल्डरिंग आयर्न आणणारे पुष्कळ. मी सराफ्यातून, दिवसा जिथे सोन्याचे व्यवहार होतात आणि रात्री खवय्यांची गर्दी लोटते त्या गल्लीतून, जवाहिऱ्यांचे एक दहापट भिंग आणले. सर्किटबोर्डावरचे पुसट आकडे वाचण्यासाठी घेतलेले हे भिंग या कामात यादीच्या जुन्या छापील प्रतीवर फिरले आणि शाई पसरलेल्या कित्येक मात्रा-वेलांट्यांचा त्याने निवाडा केला.

परंतु ज्या हत्याराला मी सर्वांत मान देतो ते गिट. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कामासाठी वापरात असलेल्या एका साधनाची विनामूल्य सवलत संपुष्टात आली तेव्हा, २००५ च्या एप्रिलात, लिनस टोरवाल्ड्सने अवघ्या काही दिवसांत ते उभे केले. गिट म्हणजे कामाची रोजकीर्द: कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत, काय बदल केला आणि का केला, याची नोंद प्रत्येक कमिटसोबत, म्हणजे बदल दप्तरी दाखल करण्याच्या प्रत्येक वेळी, राहते. एवढेच असते तर ते उत्तम दप्तर ठरले असते. त्याहून अधिक आहे ते त्याचे मोर्तब. मराठेशाहीतील पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा लहानसा शिक्का उमटवीत, तो एवढ्यासाठी की त्याखाली मागाहून कोणी मजकूर घुसडू नये. गिटही प्रत्येक नोंदीच्या मजकुरावरून गणित करून चाळीस अक्षरांचा एक ठसा काढते, आणि त्या गणितात आधीच्या नोंदीचा ठसाही धरलेला असतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीतला एक काना कोणी बदलला तरी पुढच्या साऱ्या साखळीचे ठसे बदलतात आणि लबाडी उघडी पडते. शिवाय ज्याच्याकडे नक्कल आहे त्याच्याकडे संपूर्ण इतिहास आहे. मूळ दप्तर जळाले तरी प्रत्येक नक्कल मूळच. सामान्य वाचकाला प्रोग्रॅमर व्हायचे नसेल, तरीही वंशावळ, संस्थेची घटना, पाककृतींची वही असे जे जे वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहते, त्यासाठी त्याने हे हत्यार एकदा हाताळून पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो.

यादीची एक प्रत ग्रंथालयात राहिली, दुसरी माझ्या घरी एका रास्पबेरी पायवर, पत्त्याएवढ्या आकाराच्या त्या संगणकावर, जो कपाटाच्या वरच्या फळीवर रात्रंदिवस चालू असतो आणि नगण्य वीज खातो. दोहोंचा मेळ आरसिंक घालते. १९९६ पासून चालत आलेले हे हत्यार सगळी फाइल पुन्हा न पाठवता फक्त जेवढे बदलले तेवढेच पाठवते.

सव्वाशेपैकी शेवटी एकच शब्द राहिला. एका प्रवासवर्णनाच्या नावात ‘दर्या’ होते. कोकणातले म्हणावे तर समुद्र, सह्याद्रीतले म्हणावे तर दऱ्या, आणि छापील यादीही दोघांना सारखीच साक्ष देत होती. भिंगाचाही इलाज चालेना. ग्रंथपालकाकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “अरे, अंदाज कशाला बांधतोस? पुस्तक आहे ना आपल्याकडे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी लावून ते काढले, धूळ झटकली आणि मुखपृष्ठ माझ्यापुढे धरले. रात्री घरी येऊन मी शिफ्ट धरून ती कळ दाबली, आणि कमिटच्या नोंदीत लिहिले: ‘दर्या नव्हे, दऱ्या. मूळ पुस्तक काढून रुजू पाहिले.’