बी.ए. झालेल्या लेकीला नर्सिंगला घालताय? मग आधी हे वाचा

पदवीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि महिन्याभरात घरात एकच प्रश्न फिरू लागतो, आता पुढं काय? पोरगी बी.ए. झाली, बी.कॉम. झाली. पोलीस भरती बघून झाली, तलाठ्याची परीक्षा देऊन झाली. वर्ष-दोन वर्षं अशीच गेली की पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणतं, नर्सिंगला घाला हो, नर्स झालेली पोरगी रिकामी बसत नाही.

शेतकरी बंधूंनो, हा सल्ला वाईट नाही. पाच हजार वस्तीमागं एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगरी भागात तीन हजार आणि वीस हजार, हे शासनाचं प्रमाण आहे. या प्रत्येक ठिकाणी नर्सबाई लागतेच. वर ग्रामीण रुग्णालयं आहेत, तालुक्यातले खासगी दवाखाने आहेत. २०२० च्या कोरोनात नर्स नसली तर काय होतं, ते गावोगाव बघितलंच. पण पैसे भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे नर्सिंगच्या प्रवेशाला पदवी नव्हे, बारावी बघतात.

म्हणजे काय? तर मुलीनं कॉलेजात घालवलेली तीन वर्षं इथं मोजली जात नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी ११ ते १८ महिन्यांत नर्सिंगची पदवी देणारे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे तशी सोय नाही. इथं पहिल्या पायरीपासूनच चढावं लागतं.

वाटा तीन आहेत. पहिली एएनएम, दोन वर्षांची, फक्त मुलींसाठी. जिल्हा परिषदेतली आरोग्य सेविका या शिक्षणातून होते. दुसरी जीएनएम, तीन वर्षांची. बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून झालेली असली तरी चालते, पण इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत. वय १७ ते ३५. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची. इथं मात्र बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, खुल्या वर्गाला ४५ टक्के, आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. केलेली मुलगी या वाटेनं जाऊ शकते, पण बी.एस्सी.च्या नव्हे, बारावीच्या गुणपत्रिकेवर. बी.ए. वालीला जीएनएम बरी. जीएनएम होऊन नोंदणी झाली की पुढं दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्हीकडे मुलांनाही प्रवेश आहे.

आता हिशोब मांडा. एकविसाव्या वर्षी पदवी झाली आणि लगेच प्रवेश मिळाला, तर जीएनएम चोविसाव्या वर्षी, बी.एस्सी. पंचविसाव्या वर्षी पुरी होते. दोन वर्षं भरतीत गेली असतील तर तेवढी त्यात मिळवा. घरातली म्हातारी माणसं म्हणतील, लग्नाचं वय उलटलं. हा वाद प्रवेशाआधी मिटवा. दुसऱ्या वर्षाला असताना शिक्षण सोडवलं तर पैसाही गेला आणि पोरीचा धीरही गेला.

मग आधीची पदवी पाण्यात गेली का? नाही. जीएनएमच्या पहिल्याच वर्षी मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि आहारशास्त्र असतं. बी.ए. ला समाजशास्त्र किंवा गृहविज्ञान घेतलेल्या मुलीला ते परकं वाटत नाही. खरी दमछाक शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्रात होते, कारण पुस्तकं इंग्रजीत. प्रवेशाआधीचे दोन-तीन महिने इंग्रजीवर घातले तर पुढं त्रास कमी. आणि काम कसलं आहे, तेही मुलीला स्पष्ट सांगा. रात्रपाळी आहे, जखमा धुणं आहे, रोग्याची घाण काढणं आहे. तिला स्वतःला हे करायचं आहे का, ते तिच्याच तोंडून ऐका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पदवीधरांसाठी एक वर्षात नर्सिंग, अशा जाहिराती एस.टी. स्टँडवर चिकटवलेल्या दिसतात. तसल्या सर्टिफिकेटवर नर्स म्हणून सरकारी नोंदणी होत नाही. आणि नोंदणी नाही, तर सरकारी नोकरी नाही. तेव्हा एजंटाच्या हातात पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे का? एएनएम, जीएनएम असेल तर परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे का? आणि शिकायला मुली कोणत्या रुग्णालयात जातात? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर उठून या. खाटांवर रोगीच नसतील तर पोरगी शिकणार कुठं?

फीचंही बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय शासनानं जुलै २०२४ मध्ये काढला. प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज त्यात बसतं का, ते प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, दोन शब्द तुमच्यासाठी. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, या कागदांपैकी एक अडला तरी मुलीची प्रवेश फेरी हुकते. फेरी हुकली की वर्ष गेलं, आणि तिची तीन वर्षं तर आधीच गेलेली असतात. जून महिन्यात असा अर्ज आला तर तो वरती ठेवा.

आणि आई-बापांनो, कॉलेजातला टी.सी. आणि बारावीची मूळ गुणपत्रिका आजच ट्रंकेतून काढून बघा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही करून ठेवा. पोरीनं पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहायची तयारी दाखवली आहे. कागदाची तयारी तुम्ही ठेवा.